कल उतरता

"डावखुरे आहात का?" कोचरेकरनं विचारलं.

मी नाही म्हणालो. खरं बोलायची सवय वाईट नसते, पण ती कुठं आवरावी हे कळायला हवं. त्यानं माझ्या टेबलाचा मधला ड्रॉवर उघडला, आतले कागद नीट एका बाजूला सारले, माझा डावा हात मनगटाशी धरून करंगळी कडेवर ठेवली आणि गुडघ्यानं ड्रॉवर बंद केला.

बोट मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. मोठा आवाज माझा होता. शेजारच्या खोलीतल्या टायपिंगवाल्या बाईंनी टाइप करणं क्षणभर थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं.

"उजव्याला काही करू नको," दाराशी उभा राहून हसमुख देढिया म्हणाला. "उजवा लागणार आहे आपल्याला."

हे झालं १९९९च्या सप्टेंबरात, सकाळी दहा वाजता, लॅमिंग्टन रोडवरच्या कामदार बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या मेमरी चिपांचा भविष्यवेत्ता होतो. हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये मेमरीची एक हिरवी पट्टी बसते, वीतभर लांब, वर काळ्या चिपा चिकटवलेल्या. त्या पट्टीचा भाव सोन्यासारखा रोज बदलायचा. फरक इतकाच की सोनं ठेवून दिलं तर निदान सोनं राहतं. ही पट्टी दोन वर्षं ठेवली तर खिडकी अडकवायला कामाला येते.

मी चार पानांचं साप्ताहिक काढत असे. त्यात कोरियात किती कारखाने निघाले, अमेरिकेत किती कॉम्प्युटर खपले, पुढच्या तिमाहीत मागणी किती टक्क्यांनी वाढेल, असे आलेख असत. आलेख मी स्वतः पट्टी आणि फ्रेंच कर्व्ह घेऊन काढी. वळणदार निघत. पण माझी खरी सत्ता तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर होती. रोज सकाळी मी सिंगापूरला फोन लावायचा आणि साडेअकराला खाली जाऊन फळ्यावर दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत त्या दिवसाचा भाव. दुसऱ्या ओळीत कल : चढता, उतरता किंवा स्थिर. त्याआधी रस्त्यावर कोणी मेमरीचा भाव बोलत नसे. गिऱ्हाईक नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेलं असो, त्याला चहा पाजत आणि म्हणत, बसा, खांबेटे लिहू देत. सिंगापूरला फोन करण्याचा खर्च वाचावा म्हणून व्यापाऱ्यांनी मला नेमलं होतं. पुढं पुढं त्यांना वाटायला लागलं की भाव मीच ठरवतो. मलाही तसं वाटायला लागलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या अंकात मी पहिल्या पानावर लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत मेमरीचे भाव निम्मे होतील. सोबत आलेख होता. नवे कारखाने, जास्तीचा माल, मंद मागणी, सगळं त्यात होतं. अभ्यास पक्का होता. हसमुख देढियानं तो अंक वाचला आणि हातातला सगळा माल विकून टाकला. एवढ्यावर तो थांबला नाही. साडेतीन हजाराची पट्टी त्यानं बत्तीसशेनं द्यायची बोली केली, नऊशे नगांची, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. जवळ एकही नग नव्हता. भाव पडला की पंचवीसशेनं घेऊ आणि बत्तीसशेनं देऊ असा हिशेब. या रस्त्यावर असं बुकिंग तोंडी होतं आणि ते मोडत नाहीत. मोडणाऱ्याला लोक लग्नाला बोलावतात, पुढं येऊन जेवा म्हणतात, पण भाव सांगत नाहीत. म्हणजे तो मेलाच.

आणि त्या मंगळवारी पहाटे तैवानमध्ये जमीन हलली. दोन हजारांवर माणसं मेली. लॅमिंग्टन रोडवर पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, की चिपांच्या कारखान्यात वीज आहे का. नव्हती. दोन दिवसांत पट्टी साडेतीनवरून साडेआठ हजारावर गेली. शुक्रवारी सकाळी हसमुख माझ्याकडे आला तो हमालांच्या मुकादमाला घेऊन.

नारायण कोचरेकर हा विमानतळावरच्या गोदामातून माल आणायचा. वेंगुर्ल्याकडचा, बुटका, खांद्यानं रुंद. व्यापाऱ्यांची अवघड कामंही करायचा. अवघड म्हणजे काय ते माझ्या करंगळीला नुकतंच कळलं होतं. बोलायला अत्यंत सभ्य होता.

"खांबेटे साहेब, तुमी लिहिलं तेच मी केलं," हसमुख म्हणाला. त्याचे डोळे तांबारले होते. "मी कुणाला विचारलं नाय. बायकोला नाय विचारलं. फक्त तुमचा कागद वाचला."

"माझा अंदाज चुकलेला नाही," मी म्हणालो. हात काखेत दाबून धरला होता. "मूळ घटक अजून तेच आहेत. जादा माल आहे. मागणी थंड आहे. भूकंप हा घटक..."

हसमुखनं माझ्या टेबलावरचा कीबोर्ड उचलला आणि माझ्या तोंडावर आडवा मारला. दात एकच गेला. बटणं मात्र बरीच गेली, खोलीभर उडाली.

"घटक," तो म्हणाला. "पुन्हा बोल घटक."

मी जिभेनं दाताची जागा चाचपली.

"शेठ, त्यांना सांगू दे ना," कोचरेकर म्हणाला. तो खाली वाकून बटणं गोळा करत होता. "म्हणजे साहेब, भूकंप नसता तर उतरला असता?"

"निश्चित."

"आणि आता?"

"आता कारखाना सुरू होईपर्यंत चढेल."

"तू कशाला विचारतो?" हसमुख म्हणाला.

"नाय, सहज. एप्रिलमध्ये साहेबांनी घ्या म्हणून लिहिलं होतं. बरोबर निघालं ते. ऑगस्टचा अंक मी नाय वाचला, आये आजारी होती, गावाक होतो."

माझ्या साप्ताहिकाचे तीनशे दहा वर्गणीदार होते. अंक नीट वाचणारा मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला आणि त्याच्या हातात माझा दात होता. तो त्यानं बटणांबरोबर उचलला होता. त्यानं तो टेबलावर ठेवला.

हसमुखनं काम सांगितलं. आज साडेअकराला फळ्यावर भाव लिहायचा पाच हजार आठशे. खाली लिहायचं, तैवानची वीज आली, कारखाने सुरू, कल जोरात उतरता. घाबरून लोक विकतील. त्याचा मेहुणा जयंती तासाभरात नऊशे नग उचलेल.

"पाचनं घेऊन बत्तीसशेनं दिलं तरी तुमचं वाटोळं होतं," मी म्हणालो.

"पाचनं घेतलं तर पाय जातात. साडेआठनं घेतलं तर मान जाते. तुमी लिहा."

"मी खोटं लिहिणार नाही."

हे वाक्य मी स्पष्ट आवाजात म्हणालो होतो. त्याची नोंद असावी. कारण त्यानंतर कोचरेकरनं माझी कॉलर धरून मला कपाटावर आपटलं, मग बरगड्यांत दोन गुद्दे घातले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी खाली बसलो तेव्हा त्यानं कंबरेचा चॉपर काढला आणि माझा कान धरला. डाव्या कानाच्या पाळीला अजून खाच आहे. नातवंडं विचारतात. मी लहानपणी मांजर चावलं म्हणून सांगतो.

गरम रक्त मानेवरून शर्टात उतरायला लागलं.

"लिहितो," मी म्हणालो.

"शाबास," हसमुख म्हणाला. "नारायण, तू घेऊन जा. मी नाय येत, लोक बघतील. मी इथून जयंतीला फोन करतो." आणि तो माझ्याच खुर्चीत बसला, माझ्याच फोनवर.

कोचरेकरनं चॉपर पुसून म्यानात घातला, माझ्या मानेवर माझाच रुमाल दाबून दिला, आणि आम्ही जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला आणि माझ्याशी काही बोलला. काय बोलला ते पुढं सांगतो. मग आम्ही खाली गेलो, मी खडू घेतला आणि लिहिलं. पाच हजार आठशे. तैवानची वीज आली. कारखाने सुरू. कल जोरात उतरता. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

फळ्यासमोर वीस-पंचवीस माणसं असतील. माझ्या शर्टावरचं रक्त कोणी पाहिलं नाही. सगळे फळा पाहत होते. पाच सेकंद कोणी हललं नाही आणि मग सगळे एकदम हलले.

त्या जिन्यावर दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. त्या दिवशी सोळा जण एकाच वेळी वर जायला निघाले, आपापल्या दुकानांतला माल काढायला, आणि आधी गेलेले डबे घेऊन खाली यायला लागले. पहिल्या वळणावर त्यांची गाठ पडली. कोणाचं तरी डोकं कठड्यावर आपटलं. एक जाडजूड गृहस्थ, ज्यांना मी पंधरा वर्षं हळू चालताना पाहिलं होतं, ते दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन उतरले. मनसुखानी नावाचे दोन सख्खे भाऊ एका दुकानात बसत. धाकटा विकायला निघाला, थोरला थांब म्हणाला, धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यावर चौदा इंची मॉनिटर टाकला. रस्त्यात तीन पट्ट्यांच्या एका पुडक्यासाठी दोन माणसं एकमेकांचे केस धरून गटारीच्या कडेला लोळत होती, आणि दोघांनाही ते पुडकं घ्यायचं नव्हतं, विकायचं होतं. आधी कोण विकणार एवढाच वाद.

जयंती पानाच्या टपरीशी पिशवी उघडून उभा होता. साडेपाच. पाच-तीन. पाच. लोक त्याच्या पायावर पट्ट्या टाकत होते. त्याचा एक हात कुणीतरी पिरगाळला होता, तो लोंबत होता, तरी दुसऱ्यानं तो मोजत होता.

मी शेजारच्या डॉक्टर पाध्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. माझ्या आधी सात जण होते. त्यांतल्या चौघांच्या जखमा अप्रत्यक्षपणे माझ्याच अक्षरातल्या होत्या.

बाराच्या सुमाराला कोचरेकर दवाखान्यावरून पळत गेला, खेतवाडीच्या दिशेनं. थोड्या वेळानं पळत परत आला. त्याच्या काखेत तांदळाचा पत्र्याचा डबा होता.

एक वाजायला दहा कमी असताना खरी बातमी आली. कोणाचा तरी चुलतभाऊ सिंगापुरात होता, त्यानं स्वतःच्या पैशानं फोन केला. तैवानमध्ये वीज नव्हती. पट्टी साडेनऊ हजार.

रस्ता गप्प झाला. मी अनेक दंगली पाहिल्या आहेत, इतका शांत रस्ता पाहिला नाही.

कंपाउंडर माझ्या करंगळीला लाकडाची चिप बांधत होता, तेव्हा कोचरेकर आत आला. डबा काखेतच होता. झाकण उघडं होतं.

"साहेब, सिंगापूर साडेनऊ म्हणतंय."

"हो."

"मी एकतीस नग विकले. जयंतीला. पाचनं. एप्रिलपासून एकेक करून घेतले होते. बहीण आणि मी मिळून भांडुपला खोली बघितली होती." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पेशंटनं डॉक्टरांना लक्षणं सांगावीत तसं सांगत होता.

"पण तुला माहीत होतं ना," मी म्हणालो. बोलताना दाताच्या खाचेतून हवा जात होती. "तूच मला मारलंस. तुझ्यासमोर ठरलं खोटं लिहायचं. मग तू कसा विकायला गेलास?"

"मारलं ते तिसऱ्या मजल्यावर," कोचरेकर म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर मी तुम्हाला काय बोललो?"

कंपाउंडर आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. मी करंगळीकडे पाहिलं.

"काय बोललो साहेब?"

त्यानं डबा माझ्या शेजारी बाकावर ठेवला आणि तो बाहेर गेला. दवाखान्याच्या शेजारी दुकानाचं शटर ओढायचा लोखंडी आकडा भिंतीला टेकवलेला असे. तो त्यानं घेतला.

मी मागोमाग गेलो. मला तिथं काही काम नव्हतं. हसमुख माझ्या ऑफिसातून उतरून पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दुकानात आला होता आणि काउंटरवर पट्ट्यांच्या चवडी लावत होता. हसत होता. त्याच्या नावाचा माणूस हसताना मी पहिल्यांदा पाहिला.

"नारायण, चारशे सत्तर झाले," तो म्हणाला.

पहिला फटका कोपरावर बसला. उजव्या. कोपर उलट्या बाजूला वळलं. दुसरा जबड्यावर. हसमुख काउंटरवर पडला आणि त्याच्या खालून पट्ट्या निसटून जमिनीवर पसरल्या. कोचरेकर काउंटरला वळसा घालून आत गेला, पट्ट्यांवर पाय पडत होते आणि त्या कडाकड मोडत होत्या. आकड्याचं वाकडं टोक त्यानं हसमुखच्या खांद्यात अडकवून त्याला सरळ उभं केलं आणि पुन्हा मारलं. गुडघ्यावर. मग दुसऱ्या गुडघ्यावर. तो शिव्या देत नव्हता. मजूर खडी फोडतो तसा मारत होता, मधे श्वास घेत. हसमुखचा एक डोळा त्या दिवशी गेला. माझ्याकडे पाहत होता तो. मी दाराची चौकट धरून उभा होतो आणि माझा उजवा हात धडधाकट होता.

पोलीस आले तेव्हा कोचरेकर आकडा भिंतीला टेकवून स्टुलावर बसला होता. त्यानं पाणी मागितलं.

खटला उभा राहायला पावणेदोन वर्षं लागली. हसमुख साक्षीला कुबड्या घेऊन आला, पण बोलणं नीट कळत नसे, जबडा तसाच जुळला होता. म्हणून सगळा भार माझ्या साक्षीवर. सरकारी वकिलांनी मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला. फळ्यावरचा मजकूर तुम्ही लिहिलात तेव्हा आरोपी काय करत होता?

"त्यानं माझ्या मानेला चॉपर लावलेला होता," मी म्हणालो.

आरोपीच्या पिंजऱ्यात कोचरेकरनं मान वर केली. बचावाच्या वकिलांनी मला विचारलं, तुम्ही लिहिलंत ते पूर्णपणे धमकीखाली? मी म्हणालो, पूर्णपणे. त्यांनी खाली बसून कागद चाळले. हसमुखवरच्या हल्ल्याची सजा तर होतीच. माझ्या उत्तरामुळं आणखी एक कलम लागलं. सगळी मिळून सात वर्षं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोचरेकर मला असं म्हणाला होता : "साहेब, शेठ वर आहे. त्याला दिसत नाय. मागच्या जिन्यानं तुम्ही जावा, दवाखाना शेजारीच आहे. मी सांगतो हात सोडवून पळाले. तुम्हाला लिहायचं नसेल तर लिहू नका. खोटं असेल तर अजिबात लिहू नका, लोक तुमच्यावर माल घेतात." आणि त्यानं माझा दंड सोडला. मागच्या जिन्याचं दार उघडंच होतं. त्यातून ऊन दिसत होतं.

मी पुढच्या जिन्यानं गेलो. तो माझ्या मागून दहा पावलं ठेवून आला, हात मागं बांधून. सुटा माणूस स्वतःच्या पायानं फळ्याशी गेला, स्वतःच्या हातानं लिहिलं, म्हणजे ते खरंच असणार असं त्याला वाटलं. यात त्याचं काय चुकलं ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

भूकंपानंतर दोन दिवस लोक जिन्यात मला पाहून हसत होते. पानवाला हसला होता. "काय खांबेटे, निम्मे होणार होते ना?" माझा आलेख कोणीतरी मुतारीच्या भिंतीला चिकटवला होता. मी खडू हातात घेतला तेव्हा मला हसमुख दिसत नव्हता, चॉपर दिसत नव्हता. मला माझा आकडा खाली येताना दिसत होता. आणि तो आला. साडेअकरापासून एकला दहा कमी होईपर्यंत, एक तास वीस मिनिटं, रस्त्यावर मेमरीचा भाव उतरत होता आणि मी म्हणालो होतो तसाच उतरत होता. दवाखान्याच्या बाकावर रक्त पुसत बसलो होतो तरी मी मोजत होतो. साडेपाच. पाच-तीन. पाच. इतका बरोबर मी आयुष्यात कधी नव्हतो.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. कोचरेकरला दोन हवालदार घेऊन चालले होते. मी खांबाआड सरकायला लागलो, पण त्यानं पाहिलं आणि हवालदाराला म्हणाला, "एक मिनिट, ओळखीचे आहेत."

मी म्हणालो, "कोचरेकर, ते साक्षीचं..."

"जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "तुम्ही पण मार खाल्ला होता." मग थोडं जवळ येऊन, आवाज खाली आणून, "पण उतरलाच ना शेवटी? आत पेपर येतो एक. साडेनऊची पट्टी आता पाचशेला कोण घेत नाय म्हणे. तुम्ही म्हणाला होता उतरणार. बरोबर निघालं. मी आत सगळ्यांना सांगितलं, आमचे खांबेटे साहेब आधीच बोलले होते."

मी घसा साफ केला.

"साहेब, मी सात वर्षांनी सुटणार. माफी धरून पाच म्हणा. बहिणीकडं थोडे पैसे आहेत. तेव्हा काय भाव असेल?"

हवालदार घड्याळ बघत होता. 'मला माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं. कोचरेकर मान थोडी तिरकी करून थांबला होता, फळ्यासमोर लोक थांबत तसा.

मी आधी मागणीबद्दल दोन शब्द बोललो. मग नव्या कारखान्यांबद्दल. मग आकडा सांगितला, पैशांसकट.

त्यानं हवालदाराकडं पेन मागितलं आणि बेडी घातलेल्या हातानं तो आकडा तळहातावर लिहून घेतला.